‘अभिषिक्ताला हात लावू नका’ हे नेमके कोणाला सांगितले आहे?

ख्रिस्ती मंडळीच्या पाळकाच्या शिकवणुकीविषयी कोणी शंका काढली की एक संदेश हमखास पुढे केला जातो : पाळक हा देवाचा अभिषिक्त, म्हणजे अभिषेक करून देवाने नेमलेला, आहे, त्याला प्रश्न विचारणारा देवाच्या रोषास पात्र ठरतो, दाविदानेसुद्धा त्याचा पाठलाग करणाऱ्या अभिषिक्त राजा शौलावर हात टाकला नाही, आणि पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा असे इब्री लोकांस लिहिलेले पत्रच सांगते. आधार शास्त्राचा दिला आहे, तेव्हा पारखही तेथेच व्हावी.

‘अभिषिक्ताला हात लावू नका’ याचे मूळ वचन स्तोत्र 105:15 हे आहे. ते 12 व्या वचनापासून वाचले, तर संख्येने मूठभर आणि परमुलखात उपरे म्हणून हिंडणाऱ्या अब्राहाम, इसहाक व याकोब यांच्याविषयी ते आहे, आणि देव ज्यांना दटावतो ते राजे आहेत, हे लगेच ध्यानात येते. उत्पत्तीच्या 20 व्या अध्यायात गरारचा राजा अबीमलेख अब्राहामाची पत्नी सारा हिला नेतो, तेव्हा देव त्याला तिला स्पर्श करू देत नाही आणि अब्राहामाला संदेष्टा म्हणतो. म्हणजे येथे हात लावणे याचा अर्थ उपद्रव देणे असा आहे, शिकवण तपासणे असा नाही. शिवाय अब्राहामाने पत्नीला बहीण म्हणून सांगितल्याबद्दल याच अबीमलेखाने त्याला तोंडावर जाब विचारला आणि त्याबद्दल देवाने त्याला दोष दिला नाही, हा भाग संदेश पाठवणारे वाचत नाहीत असे दिसते.

दाविदाचा दाखला अर्धाच दिला जातो. एन-गेदीच्या गुहेत त्याने शौलाला जिवे मारले नाही, हे खरे. परंतु झग्याचा कापलेला काठ हातात घेऊन तो बाहेर आला आणि तीन हजार निवडक माणसे घेऊन आलेल्या राजाला त्याने मोठ्याने विचारले की तू माझ्या जिवावर का उठला आहेस. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा झाल्यावर संदेष्टा नाथान याने त्याचेही पाप त्याला तोंडावर सांगितले. नव्या करारात तर अभिषेक सर्व विश्वासणाऱ्यांना मिळाला आहे (1 योहान 2:20, 27).

इब्री 13:17 मधली आज्ञाधारकता मी नाकारत नाही. मात्र त्याच वचनात पुढाऱ्यांना हिशेब द्यावयाचा आहे असेही म्हटले आहे, आणि अंत्युखिया नगरात प्रेषित पेत्र चुकला तेव्हा पौलाने तो हिशेब सर्वांसमक्ष मागितला.

1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी एका पत्रात लिहिले होते की भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यावर, पाद्र्यांचा प्रत्येक शब्द देवाची आज्ञा मानून तसलेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची आपली तयारी नाही. पुढे त्यांनी इब्री व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर केले.

निराधार कुजबुज मात्र शास्त्रही चालू देत नाही : वडिलावरील, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यावरील, आरोप दोन किंवा तीन साक्षीदारांवाचून घेऊ नये, असे 1 तीमथ्य 5:19 सांगते, आणि लगेच 20 वे वचन, पाप करणाऱ्यांचा निषेध सर्वांदेखत करावा, असे सांगते.