मामांचा कुंदा आणि ८६४००

बेळगावच्या शहापुरातल्या मामांच्या कुंद्याच्या दुकानाची वेबसाइट नव्या सर्व्हरवर न्यायची होती. काम भाच्याकडे, म्हणजे फुकट. बाकी सगळं पटापट उरकलं आणि घोडं अडलं ते 'टीटीएल' नावाच्या चौकटीपाशी. दुकानाच्या डोमेनचा, म्हणजे साइटच्या नावाचा, आयपी पत्ता (साइट ज्या सर्व्हरवर आहे त्याचा आकडी पत्ता) जगभरच्या सर्व्हरांनी किती वेळ लक्षात ठेवायचा, ते इथे लिहायचं. तेही सेकंदांत! ३६०० म्हणजे तास, ८६४०० म्हणजे अख्खा दिवस.

"मोठा आकडा घाल की, चिकटपणा कशाला?" मामा म्हणाले.

मोठा घातला तर साइट हलवल्यावरही गिऱ्हाईक दिवसभर जुन्याच सर्व्हरचं दार ठोठावणार. ३०० घातला तर दर पाच मिनिटांनी तीच विचारपूस, आणि हा पत्ता सांगणारा नेमसर्व्हर आडवा झाला की साइटही लगेच गायब. नियमानं हा आकडा ६८ वर्षांपर्यंत नेता येतो. १९५६ पासून आपण कुठल्या राज्यात यावर भांडणाऱ्या गावाला ६८ वर्षांचं काय कौतुक म्हणा! सरकारदप्तरी १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं; आमच्या गल्लीतली कॅशे, म्हणजे घोकून ठेवलेल्या जुन्या उत्तरांची साठवण, अजून रिकामी व्हायची आहे.

शेवटी ३०० लिहिलं. पण म्हणून लगेच हलवता येत नाही. आधी ८६४०० होतं, म्हणजे ज्यांनी ते कालच घोकलंय त्यांचा दिवस भरेपर्यंत थांबणं आलं.

"म्हणजे पत्ता बदलायच्या आधी, पत्ता लवकर विसरा म्हणून सांगायचं?"

"व्हय."

"आणि ऐकतात सगळे?"

काही सर्व्हर आपलंच खरं करतात, हे मी मामांना सांगितलं नाही. त्यांनी दुकानात आधीच लग्नातला आचारी केला होता मला. "अजून सेकंदंच मोजूलास व्हय?" दर चहाला एकदा.

दुसऱ्या दिवशी साइट सुखरूप हलली. पण ऑर्डरसाठी जे नवं उपडोमेन, म्हणजे मूळ नावाला जोडलेलं वेगळं नाव, करायचं होतं, ते मी बनवायच्या आधीच मामांनी उत्साहानं मोबाईलवर उघडून पाहिलं. 'असं काही नाही' हे उत्तरसुद्धा कॅशेत बसतं, आणि त्याची मुदत वेगळ्याच, एसओए नावाच्या रेकॉर्डमध्ये असते. तिकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिथे पूर्ण तास होता. उपडोमेन चालू झालं, साऱ्या जगाला दिसलं. मामांच्या मोबाईलला दिसेना.

तासभर दम धरतील तर ते मामा कसले! काउंटरवरच्या गिऱ्हाइकाचा मोबाईल मागून घेतला आणि स्वतःच्या दुकानाला पहिली ऑर्डर दिली, पाव किलो कुंदा. पैसे गिऱ्हाइकाच्या खात्यातून गेले.