‘फोल्डर उडवा, कॉम्प्युटर पळवा’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

जिनिंग, दालमिल, कृषी केंद्रं आणि सेवा सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मेसेज फिरतो आहे. मजकूर असा: ‘जुनं हिशोबाचं सॉफ्टवेअर काढायला कुणाला पैसे देऊ नका. सी ड्राइव्हमधला त्याचा फोल्डर डिलीट करा. होत नसेल तर सेफ मोडमध्ये जा. रजिस्ट्री क्लीनर फिरवा, विंडोजमधला इन्स्टॉलर फोल्डर रिकामा करा. रिटर्न भरून झालेल्या वर्षांचा डेटा कशाला हवा? चुकलंच तर सिस्टिम रिस्टोर आहे.’ पैसे न देता हे काम घरच्या घरी होतं, एवढं खरं आहे. बाकीचं एकेक तपासू.

‘फोल्डर डिलीट केला की सॉफ्टवेअर गेलं.’

सगळ्यात जास्त नुकसान या एका ओळीत आहे. फोल्डर गेला तरी मागे चालणाऱ्या सर्व्हिसेस, टास्क शेड्यूलरमधली (वेळ ठरवून आपोआप चालणारी) कामं आणि रजिस्ट्रीतल्या, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यातल्या, नोंदी तशाच राहतात आणि मशीन सुरू करताना एरर येऊ शकते. पण खरा धोका वेगळाच. हिशोबाचा डेटा बहुतेकदा त्याच फोल्डरच्या पोटात असतो. टॅली ईआरपी 9 च्या अनेक जुन्या मशीनवर तो प्रोग्रामच्याच फोल्डरमधल्या ‘डेटा’मध्ये सापडतो, तर त्याच्या नव्या आवृत्तीत, टॅलीप्राइममध्ये, सहसा ‘यूजर्स’मधल्या ‘पब्लिक’खाली. आत कंपनीचं नाव कुठंच दिसत नाही, नुसता आकडा दिसतो: 10000, 10001. गेल्या हंगामाची सगळी कापूस खरेदी त्या पाच आकड्यांच्या फोल्डरमध्ये आहे, हे बघून कुणाच्या लक्षात येणार?

म्हणून आधी कंपनी निवडायच्या पडद्यावर डेटाचा पाथ, म्हणजे तो कुठल्या फोल्डरमध्ये आहे ते, बघा आणि कागदावर उतरवा. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून बॅकअप घ्या, एक पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या डिस्कवर. मग तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर, रिकाम्या नव्या फोल्डरमध्ये रिस्टोर करा. चालू डेटाच्याच फोल्डरवर रिस्टोर केलात तर चांगला हिशोबही हातचा जाईल. दोन्हीकडचा ट्रायल बॅलन्स आणि शेवटचा व्हाउचर नंबर जुळला, तरच पुढं जा.

वजनकाट्याचं किंवा सोसायटीचं सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या मोफत डेटाबेसवर चालतं. तिथं डेटा एमडीएफ आणि एलडीएफ अशा जोडफायलींत असतो. सर्व्हिस चालू असताना त्या कॉपी करायला गेलं की फाइल वापरात असल्याचं सांगून विंडोज अडवतं. डेटाबेसमधूनच बॅकअप काढा आणि एसक्यूएलची आवृत्ती लिहून ठेवा, कारण नव्या आवृत्तीत घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीत रिस्टोर होत नाही. एसक्यूएल सर्व्हर काढण्याआधी त्यात आणखी कुणाचा डेटाबेस आहे का, तेही बघा. काट्याचं आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर एकाच एसक्यूएलवर बसलेलं असू शकतं. एकासाठी तो काढला की दुसरं बंद.

लायसन्सचा तर मेसेजमध्ये उल्लेखच नाही. टॅलीसारख्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या मशीनला बांधलेलं असतं. इंटरनेट चालू असताना मदतीच्या मेन्यूतून, सेटिंग्जमधल्या लायसन्समध्ये जाऊन ते सरेंडर करा, म्हणजे त्या मशीनवरून सोडवा, आणि मगच अनइन्स्टॉल. नाहीतर नव्या मशीनवर चालू करताना अडतं आणि सॉफ्टवेअर एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं. त्या मोडमध्ये महिन्याची 1, 2 आणि 31 याच तारखांना नोंद करता येते. ऐन आवकेत त्यावर दुकान कसं चालवणार? मल्टियूजर (अनेक मशीनवर चालणारं) असेल तर बाकीची मशीन आपलं लायसन्स सर्व्हर मशीनकडूनच घेतात. म्हणून आधी टेबलावरची मशीन मोकळी करा, सर्व्हर सर्वांत शेवटी.

‘होत नसेल तर सेफ मोडमध्ये करा.’

सेफ मोड म्हणजे अगदी मोजक्या गोष्टींवर सुरू केलेलं विंडोज. एमएसआय (विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलर फाइलच्या) पद्धतीनं बसवलेलं सॉफ्टवेअर काढायला विंडोज इन्स्टॉलर ही सर्व्हिस लागते आणि सेफ मोडमध्ये ती चालत नाही. साध्या मोडमध्येच, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून, प्रोग्राम उघडा असेल तर बंद करून ‘प्रोग्राम्स अँड फीचर्स’मधून काढा. झाल्यावर शट डाउन करू नका, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, आणि वापरात असलेल्या फायली तर पुढच्या खऱ्या बूटलाच निघतात.

‘इन्स्टॉलर फोल्डर रिकामा करा.’

अजिबात नको. सॉफ्टवेअर दुरुस्त करायला, अपडेट करायला आणि काढायलासुद्धा लागणाऱ्या फायली तिथंच असतात. त्या उडवल्या की पुढचं अनइन्स्टॉल मूळ फाइल मागत बसतं, आणि ती सीडी आता ऑफिसात कुणाकडं असते?

रजिस्ट्री क्लीनरनं वेग वाढतो ही समजूत आहे. असल्या साधनांना मायक्रोसॉफ्ट स्वतः पाठिंबा देत नाही. संथ मशीनला सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्राम कमी करा आणि जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, फरक लगेच कळतो.

‘रिटर्न भरलं, आता डेटा कशाला?’

जीएसटी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे हिशोब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने जपायचा असतो. 2022-23 चं वार्षिक रिटर्न 31 डिसेंबर 2023 पर्यंत भरायचं होतं, म्हणजे तो हिशोब 31 डिसेंबर 2029 पर्यंत. अपील चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष किंवा हे 72 महिने, जे उशिरा संपेल ते. कंपनी म्हणून नोंदणी असेल तर आठ आर्थिक वर्षं.

‘सिस्टिम रिस्टोर आहेच.’

सिस्टिम रिस्टोर विंडोजच्या फायली, रजिस्ट्री आणि सेटिंग्ज मागे नेतं. डिलीट झालेला हिशोब परत आणणं हे त्याचं कामच नाही, आणि बऱ्याच मशीनवर ते बंदच असतं.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी आपल्याकडं हमखास अडवतात. पहिली, काट्याची केबल. यूएसबीतून सीरियल करणारा कन्व्हर्टर असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याचा कॉम पोर्ट (जोडणीचा नंबर) आणि काट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बॉड रेट (माहिती पाठवायचा वेग) बघून लिहून ठेवा. ड्रायव्हर निघाला किंवा केबल दुसऱ्या खाचेत गेली की कॉम 3 चा कॉम 5 होतो, आणि गाडी काट्यावर उभी असताना पडद्यावर वजन शून्यच राहतं. दुसरी, जुने मराठी फॉन्ट. श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएममधले जुने ठराव आणि पत्रं सहसा युनिकोडमध्ये (कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या अक्षरपद्धतीत) नाहीत. ते सॉफ्टवेअर किंवा फॉन्ट काढले की सोसायटीचं ठरावबुक इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतं. आधी महत्त्वाच्या फायली पीडीएफ करून ठेवा.

हंगाम संपल्यावर, यूपीएसची बॅटरी तपासून, लाइन असताना सकाळी सुरुवात करा. काढून झाल्यावर काट्याची एक पावती छापून बघा, डिजिटल सहीचा टोकन लावून एक सही करा, दुसऱ्या टेबलावरून शेअर फोल्डर उघडा. जुनी डिस्क एक महिना कपाटात राहू द्या, मग फॉरमॅटचं बघा.