टाचांच्या क्रीमबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

एक स्टार बघून वाईट वाटलं. पण आईच्या टाचेची आग आग झाली म्हटल्यावर दुसरं काय देणार! आधी त्यांचं बघू. क्रीम बंद करा. भेगेतून रक्त येत असेल किंवा त्यांना शुगर असेल, तर डॉक्टरांना पाय दाखवा. तोवर आमचीच काय, कुणाचीही क्रीम लावू नका.

तुम्ही लिहिलंय, "नॅचरल म्हणून विकता आणि डब्यावर इमल्सिफायिंग वॅक्स, त्यात अल्कोहोल. त्यानंच आग झाली." मला संशय येतो तो युरियाचा. या क्रीममध्ये तो १० टक्के आहे. राठ कातडी मऊ करतो, पण उघड्या भेगेत गेला की झोंबतो. खानापूरकडं भातकापणीत टाचा कशा उलतात ते मी माहेरी पाहिलंय. "उघड्या भेगेवर लावू नये" हे आम्ही डब्याच्या बुडाशी इतक्या बारीक अक्षरात छापलंय की मलाच चष्मा लागतो. ही चूक आमची.

आता ते वॅक्स. ते इमल्सिफायर आहे, म्हणजे तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारं. ते नसेल तर दोन दिवसांत डब्यात तेल वर, पाणी खाली. आमच्या वॅक्समध्ये सेटिअरिल अल्कोहोल आणि पॉलिसॉर्बेट ६० आहे. हे अल्कोहोल नावापुरतंच. पांढऱ्या मेणचट पाकळ्या असतात, स्पिरिटसारखं उडून जात नाही की कातडी कोरडी करत नाही. दोन्ही मिळून ५ टक्के.

म्हणून सगळेच इमल्सिफायर गरीब गाय, असं मी म्हणणार नाही. सोडियम लॉरिल सल्फेटही तेल-पाणी एकत्र धरतं. ते असलेल्या अ‍ॅक्वियस नावाच्या साध्या मॉइश्चरायझिंग क्रीमनं एक्झिमावाल्यांची, विशेषतः मुलांची त्वचा चुरचुरू शकते, असा इशारा ब्रिटनच्या औषध नियामकानं २०१३ साली दिला होता. आम्ही ते वापरत नाही. तरी एखाद्याला आमचंही वॅक्स सोसणार नाही. नवी क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून बघावी.

"केमिकल-फ्री" या पाटीबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. सूनबाई म्हणाली खप वाढेल, मी मान डोलावली. अहो, पाणीसुद्धा केमिकलच की! पाटी काल उतरवली, डब्यांवरचे स्टिकर खरवडायचं काम चालू आहे.

शहापूरच्या दुकानात डबा घेऊन या, पूर्ण पैसे परत देते. अर्धा संपलेला असला तरी चालेल. सोमवारी तेवढं येऊ नका, दुकान बंद असतं.