सरकारी विमान कंपनी कशी चालवावी

सरकारी विमान कंपनी हातात आली की पहिल्या दिवशी हिशेबाची वही मागवू नका. ती वाचून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. त्याऐवजी जगाचा मोठा नकाशा मागवा आणि दालनात अभ्यागतांना दिसेल अशा भिंतीवर लावा. आता त्यावर रेघा ओढायच्या. मुंबईहून एक, दिल्लीहून चार, मंत्रिमहोदयांच्या मतदारसंघातून एक. रेघ कितीही लांब ओढली तरी पेन्सिलीला इंधन लागत नाही, हे या धंद्यातलं मोठं सुख.

रेघा झाल्या की विमानं घ्या. इथे हात आखडता नको. २००५-०६ साली एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून १११ विमानं मागवली. ६८ बोइंगकडून, ४३ एअरबसकडून, म्हणजे रुसायला कुणी उरलं नाही. पैसे? कर्ज काढायचं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या ‘कॅग’ने २०११ साली या खरेदीवर ताशेरे ओढले, पण तोवर विमानं यायला लागली होती आणि व्याजाचे हप्तेही. लेखापरीक्षणाचा अहवाल नेहमी विमानानंतर उतरतो. त्याच्यावर विसंबून राहा.

आता सगळ्यात लांब रेघेकडे या. २००७ मध्ये एअर इंडियाने मुंबई ते न्यूयॉर्क थेट विमान सुरू केलं. मार्ग खरोखर चांगला होता. लाडवांचे डबे आणि लोणच्याच्या बरण्या घेऊन न्यू जर्सीला नातवंडांकडे निघालेल्या आजी-आजोबांना मधे कुठे उतरायची भानगड नव्हती. पण सोळा तास न थांबता उडायचं तर विमान इंधनाने ठासून भरावं लागतं, आणि ते इंधन वाहून न्यायलाही इंधनच जळतं. वर्षभरात कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं. मग काय करायचं? खास या पल्ल्यासाठी घेतलेल्या आठ बोइंग ७७७-२००एलआर विमानांपैकी पाच अबुधाबीच्या एतिहाद विमान कंपनीला विकून टाकायची. एतिहादने ती अबुधाबीहून अमेरिकेला उडवली, आणि अबुधाबीपर्यंत प्रवासी नेले आपल्याच गावांतून. आपलाच माणूस, आपलंच जुनं विमान, फक्त तिकिटाचे पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात. असा मार्गबदल सुचायला दूरदृष्टी लागते.

मुख्यालयही एका जागी ठेवू नका. मुंबईत नरिमन पॉइंटला, समुद्रासमोर, तेवीस मजली इमारत होती. २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला हलवलं. मालक दिल्लीत राहत असल्यामुळे वारंवार हाका मारायला ते बरं पडतं. इमारत पुढे महाराष्ट्र सरकारने १,६०१ कोटींना घेतली. केंद्राने राज्याला विकली, म्हणजे पैसा घरातल्या घरातच राहिला.

याच्याही पुढचा धडा विलीनीकरणाचा. २००७ मध्ये परदेशी उडणारी एअर इंडिया आणि देशात उडणारी इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. वाटण्या होऊन पन्नासेक वर्षं झालेल्या दोन भावांना पुन्हा एका चुलीवर आणावं, तसं झालं. कोण थोरला, कुणाचा पगार जास्त, कुणाला कोणतं विमान, यावर सगळा दम खर्च. शेवटी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमावी लागली. २०१२ च्या मे महिन्यात मूळ एअर इंडियाचे वैमानिक संपावर गेले आणि तो संप ५८ दिवस चालला. कारण काय, तर नव्या ड्रीमलायनरचं प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांना का? त्या वेळी ताफ्यात ड्रीमलायनर एकही नव्हतं. पहिलं आलं सप्टेंबरात. विमान यायच्या आत त्याच्यावरून संप घडवता आला, तर समजा तुम्हांला सूत्र कळलं.

आपण तोटा करून करून थकलात तर शेजाऱ्याची मदत घ्या. २०१९ च्या फेब्रुवारीत बालाकोटनंतर पाकिस्तानने आपलं आकाश बंद केलं ते जुलैच्या मध्यापर्यंत. दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणारी विमानं लांबच्या वळशाने जाऊ लागली, काहींना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. २ जुलैपर्यंत एअर इंडियाला यातून ४९१ कोटींचा फटका बसल्याचं सरकारने संसदेत सांगितलं. सगळ्यात मोठी खासगी कंपनी इंडिगो, तिचा आकडा २५ कोटींच्या आसपास. आकाशातल्या कुंपणाने सुद्धा सरकारी विमान नीट ओळखलं म्हणायचं.

गिऱ्हाईक कोण, हा प्रश्न तुम्हांला छळायला नको. सरकारी नोकराने रजा प्रवास सवलतीत विमानाने जायचं तर एअर इंडियानेच, असा नियम होता. अतिविशेष व्यक्तींच्या विमानांची आणि खात्यांच्या तिकिटांची बिलं वर्षानुवर्षं थकलेली असत. उधारी हीच सेवा. लोकप्रतिनिधींचीही बडदास्त ठेवा. २०१७ मध्ये पुण्याहून दिल्लीला जाणाऱ्या ज्या विमानात सगळ्या खुर्च्या साध्या वर्गाच्या होत्या, त्यातून उतरताना आपल्याच मराठवाड्यातल्या एका खासदारांनी कर्मचाऱ्याला चपलेने मारलं आणि वर कॅमेऱ्यासमोर तसं सांगितलंही. सबब, मार्ग आखताना ‘बिझनेस क्लास’ आहे ना, एवढं बघा. प्रवासी आहेत की नाहीत ते नंतर.

एका गोष्टीवर मात्र खवचटपणा चालत नाही. १९९० मध्ये कुवेतवर हल्ला झाला तेव्हा याच कंपनीने जॉर्डनमधल्या अम्मानहून मुंबईला ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून जास्त माणसं घरी आणली. तोट्या-नफ्याचा विचार त्या वेळी कुणी केला नाही, आणि करायलाही नको होता. पंचाईत अशी की पुढे तोटा झाला की लोक त्या फेऱ्यांची आठवण काढायचे. जणू रोजचं विमान तीन तास उशिरा सुटतं तेही देशसेवेपायीच.

असो. विक्रीला कधी काढायचं? कुणी घेणार नाही अशा अटींवर आधी एकदा काढा. २०१८ मध्ये ७६ टक्के हिस्सा विकायला ठेवला, उरलेला २४ टक्के सरकारच्या हातात आणि कर्जाचा मोठा बोजा घेणाऱ्याच्या डोक्यावर. एकही बोली आली नाही. मग तीन वर्षं दिवसाला सुमारे वीस कोटी जाऊ द्यायचे. २०२१ च्या ऑगस्टअखेर कर्ज आणि देणी ६१,५६२ कोटी झाली, आणि ८ ऑक्टोबरला टाटांची १८,००० कोटींची बोली मंजूर झाली. त्यातले रोख फक्त २,७०० कोटी, बाकी १५,३०० कोटींचं कर्ज त्यांनी आपल्याकडे घेतलं. उरलेले ४६,२६२ कोटी एका खास सरकारी कंपनीच्या नावे केले. म्हणजे विमानं गेली टाटांकडे, ज्यांच्याकडून कंपनी १९५३ मध्ये घेतली होती, आणि देणं राहिलं तुमच्याआमच्याकडे. त्याच महिन्याच्या शेवटी अर्थ मंत्रालयाने सगळ्या खात्यांना कळवलं की एअर इंडियाची थकबाकी ताबडतोब भरा आणि इथून पुढे तिकिटं रोखीने घ्या. घर विकल्यावर भाडं वसूल करायची आठवण व्हावी, ही आपली शिस्त.

पण खचू नका, तुमच्या हाताला काम आहे. एअर इंडियाची धाकटी कंपनी अलायन्स एअर अजून सरकारचीच आहे. छोटी एटीआर विमानं, छोट्या गावांचे मार्ग आणि ‘उडान’ योजना, म्हणजे तिकीट स्वस्त आणि तुटीची भरपाई तीन वर्षं सरकारकडून. या योजनेत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, आणि तीन वर्षांनंतरही तग धरून राहिले ५४, असं ‘कॅग’ने २०२३ मध्ये नोंदवलं. एअर इंडियाची विक्री जाहीर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ९ ऑक्टोबर २०२१ ला, सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उद्घाटन झालं आणि मुंबईहून अलायन्स एअरचं विमान तिथे उतरलं. चाकरमान्यांना वाटलं, आता गणपतीला रेल्वेच्या वेटिंग लिस्टची कटकट मिटली. पुढे विमान कधी यायचं, कधी रद्द व्हायचं. २०२३ मध्ये पलीकडे गोव्यात मोपाचं विमानतळ सुरू झालं आणि प्रवासी गाडी करून तिकडे वळले. २०२४ च्या ऑक्टोबरात तीन वर्षांची मुदत भरली आणि मुंबईचं विमान थांबलं.

तेव्हा हा मार्ग पुन्हा सुरू करायची फाइल तुमच्या टेबलावर आली तर सही करायला घाई करू नका. मागच्या उद्घाटनाला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि तेव्हाचे केंद्रीय मंत्री नारायण राणे एकाच व्यासपीठावर होते आणि विमानापेक्षा टोमणेच जास्त उडाले. म्हणून आधी खुर्च्या कशा मांडायच्या ते ठरवा. निमंत्रणपत्रिकेत कुणाचं नाव वर आणि कोणत्या टायपात, तेही लेखी घ्या. वेळापत्रकाचं मग बघू.