आत्या, तुझं तिकडचं सांगू नकोस

मागच्या रविवारी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याने लिहिलं, "दूरदर्शन अजून चालू कशाला ठेवलंय? बंद करा. सगळं फोनवर मिळतं, त्यांचं स्वतःचं वेव्हज ॲपसुद्धा आहे. आपल्या टॅक्सचे पैसे त्या मनोऱ्यांवर कशाला?" भाचा ठाण्यात राहतो, त्याच्या घरी फायबर आहे. खाली भराभर पाच-सहा अंगठे पडले. मी इथे इंग्लंडमध्ये, बोल्टनला दुपारचं जेवण गरम करत होते. ते तसंच ठेवून लांबलचक उत्तर लिहिलं. इथे टीव्ही डिजिटल झाला तेव्हा म्हाताऱ्या माणसांसाठी काय केलं, बीबीसीसाठी दर वर्षीची लायसन्स फी लोक का भरतात, सगळं लिहिलं. त्यावर एका ओळीत उत्तर आलं, "आत्या, तुझं तिकडचं सांगू नकोस."

ते शब्द आठवडाभर डोक्यातून गेले नाहीत.

पहिली गोष्ट, भाचा जे मागतोय ते होऊनही गेलंय, हेच त्याला माहीत नाही. दूरदर्शनचे जुने, जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून डिजिटलच्या आधीच्या ॲनालॉग पद्धतीने प्रक्षेपण करणारे ट्रान्समीटर टप्प्याटप्प्याने बंद झाले. मोक्याच्या जागचे साधारण ५० सोडून बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करू, असं दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने २०२१ मध्येच जाहीर केलं होतं. १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत प्रयोग म्हणून सुरू झालेलं आणि २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत आलेलं ते प्रक्षेपण असं गुपचूप आवरलं गेलं. कोणी हळहळलं नाही. माझ्याही लक्षात आलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमचं घर कोकणात, समुद्राकाठच्या केळशीला. वाडीतला पहिला टीव्ही खोतांच्या ओटीवर होता आणि १९८७ साली रविवारी सकाळी रामायणाच्या वेळी त्यांच्या खळ्यात चपलांना जागा उरायची नाही. पुढे आमच्याकडे आला. कौलांच्या वर लोखंडी नळी आणि तिच्यावर अँटेना, तोंड उत्तरेला, मुंबईकडे. दादा वर नळी फिरवायचा, मी पडवीत, आई आत. आई म्हणायची "आलं", मी ओरडायचे "आलं", तोवर दादाने नळी आणखी वळवलेली असायची आणि पडद्यावर पुन्हा मुंग्या. पण वारा पडलेल्या, उकाड्याच्या संध्याकाळी समुद्रावरून चित्र असं स्वच्छ यायचं की बातम्या देणाऱ्या प्रदीप भिडे यांच्या टायची गाठ दिसायची. आईने घड्याळ कधी वापरलं नाही. 'आमची माती, आमची माणसं' लागलं की आगरातून घरी यायचं आणि बातम्या लागल्या की कुकर लावायचा.

आता त्याच घराच्या अंगणात डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत उपग्रह सेवेची ताटली आहे, तोंड आग्नेयेला आणि वर आभाळाकडे. २००४ च्या डिसेंबरात ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली. एकदा दीड-दोन हजार खर्च केले की महिन्याचं भाडं नाही. आज देशात अंदाजे ४ कोटींहून अधिक घरांत ती आहे. म्हणजे दूरदर्शन मेलेलं नाही. ज्यांना दर महिन्याचं रिचार्ज परवडत नाही, त्यांच्या घरात ते जिवंत आहे आणि ग्रुपवर अंगठे देणारे त्या घरांत राहत नाहीत.

पण कोकणात एक अडचण आहे आणि ती मुंबई-पुण्यात बसून कळत नाही. ताटलीवर येणारा सिग्नल केयू बँडचा, म्हणजे फार आखूड लहरींचा. जोराच्या सरीत पाणी तो शोषून घेतं. आमच्याकडे तर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. श्रावणातली भुरभुर चालते, पण आषाढात एकदा धो धो लागला की पडद्यावर 'सिग्नल नाही' एवढंच राहतं. जुन्या अँटेनाला पावसाचं असं भय नव्हतं. तिला वाऱ्याचं आणि कावळ्याचं भय. आणि घरात ज्या चार महिन्यांत दुसरं काही करता येत नाही, नेमकं त्याच चार महिन्यांत चित्र जातं.

इथे तसं केलं नाही, हेच मी त्या लांबलचक उत्तरात लिहिलं होतं. ब्रिटनमध्ये ॲनालॉग बंद करायला २००७ मध्ये व्हाइटहेवन गावापासून सुरुवात झाली आणि २०१२ मध्ये ते काम संपलं. आमच्या इथल्या विंटर हिलच्या मनोऱ्यावरचं २००९ च्या डिसेंबरात बंद झालं. पण डिजिटल सिग्नल त्याच मनोऱ्यावरून सुरू झाला. छपरावरची अँटेना बहुतेकांची तीच राहिली, खाली फक्त सेट-टॉप बॉक्सचा डबा आला. ७५ च्या वरची माणसं आणि अपंग यांच्यासाठी वेगळी मदत योजना होती, लायसन्स फीतून ६० कोटी पौंडांच्या वर रक्कम तिच्यासाठी बाजूला काढलेली. आमच्या शेजारच्या म्हातारीकडे माणूस आला. त्याने डबा जोडला, तिच्यासमोर बसून तिच्याकडूनच तीनदा चॅनल लावून घेतलं. मी तिच्यासाठी चहा करत होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. "परत एकदा," तो म्हणत होता आणि ती परत एकदा बटण दाबत होती.

भारतातही मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं होतं, २०१६ मध्ये, १६ शहरांत. मुंबई होती, औरंगाबाद होतं. दापोली, मंडणगड, गुहागर कुठे असणार? २०२३ च्या जानेवारीत केंद्राने २,५३९ कोटींची योजना मंजूर केली, त्यात ८ लाख फ्री डिश डबे मोफत द्यायचे ठरले. दुर्गम, आदिवासी, नक्षलग्रस्त आणि सीमेवरच्या भागांसाठी. ते योग्यच आहे. पण आम्हा किनाऱ्यावरच्यांना वेगळं कोणी मोजलेलं नाही.

भाच्याचा दुसरा मुद्दा, दूरदर्शन सरकारचंच बोलतं. बोलतं, नाही कोण म्हणतंय? प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, ती प्रत्यक्षात आली १९९७ मध्ये, स्वायत्तता कागदावर आहे. इथेही बीबीसीवर चिखलफेक चालूच असते. तरी २०२५ च्या एप्रिलमध्ये फी १७४.५० पौंड झाली होती तेव्हाही मी ती भरली, कुरकुर न करता, कारण वस्तू आपली असेल तर तिच्यावर रागावताही येतं. आपल्याकडेही एके काळी रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरायचे. आईने ते पुस्तक अजून ट्रंकेत ठेवलंय.

आणि ॲपचं म्हणाल, तर २०२० आठवा. मार्चच्या शेवटी टाळेबंदीत दूरदर्शनने रामायण परत लावलं. आई एकटी होती, रोज सकाळी आणि रात्री बघायची, फोनवर मला कथा सांगायची, जशी मला माहीतच नाही. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. कौलं गेली, अर्ध्या पोफळी आडव्या झाल्या, ताटली शेजारच्या आगरात सापडली. वीज नाही, मोबाइलचे टॉवर बंद. चार दिवस मला आईचा आवाज ऐकू आला नाही. कोणतं ॲप चाललं असतं त्या चार दिवसांत? शेजाऱ्यांचा सेलवरचा रेडिओ तेवढा चालला. माणसं त्याच्याभोवती बसली.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. कारण पुढचंही लिहावं लागलं असतं.

दोन वर्षांपूर्वी मी इथून आईला ४३ इंची स्मार्ट टीव्ही ऑनलाइन पाठवला. दुकानाचा माणूस भिंतीवर अडकवून गेला. फोटो आला, ग्रुपवर सगळ्यांनी कौतुक केलं, मीही ते घेतलं. मे महिन्यात गेले तर टीव्हीवर क्रोशाचा रुमाल, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत जसाच्या तसा. वायफाय दुपारी येतं, रात्री जातं. चालू केलं की आधी जाहिराती, मग चौकोनच चौकोन. "ह्यात बातम्या कुठे गो असतात?" आईने विचारलं. वर्षभर ती शेजारी जाऊन बातम्या बघत होती. कोणाला सांगितलं नाही, मला वाईट वाटेल म्हणून.

शेजारच्या इंग्रज म्हातारीच्या घरात "परत एकदा" म्हणणारा माणूस त्या मदत योजनेने पाठवला होता. माझ्या आईच्या घरात तो माणूस मी असायला हवी होते. दादा ठाण्याहून गणपतीला आणि शिमग्याला जातो, त्याला मी काय बोलू? मी माहेरवाशीण, तीही समुद्रापलीकडची. वीस-बावीस वर्षं सह्याद्री वाहिनी सलग अर्धा तास मीसुद्धा पाहिलेली नाही आणि ती टिकली पाहिजे म्हणून भांडायला मात्र पुढे. भाच्याला बोचलं ते हेच असणार. तरी मी भांडणारच. जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण किनाऱ्याला मिळालं पाहिजे, आणि डबा देताना तो लावून दाखवणारा माणूसही. भाच्याला हे उद्या परत लिहिणार आहे.

त्या मे महिन्यात मी फ्री डिशचा डबा त्या मोठ्या टीव्हीला जोडून दिला. रिमोटच्या तीन बटणांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके लावले, आईकडून दहादा लावून घेतलं. आता इथल्या दुपारी अडीचला, कामावरच्या सुट्टीत, मी फोन करते. तिकडे सात वाजलेले असतात. परवा केला तर मागे बातम्यांचा आवाज आणि कौलांवर पाऊस. "बातम्या चालल्यात, नंतर कर," आई म्हणाली. मी फोन ठेवणार, एवढ्यात पावसाचा आवाज वाढला आणि बातम्यांचा थांबला.

"गेलं बघ चित्र," आई म्हणाली. "बोल आता."