चिठ्ठी काढण्याआधी पेशंटला विचारा

नागपुरात उपचारांच्या चाचण्या होतात म्हटलं की अजूनही पुष्कळ जण दचकतात. ‘आमच्यावर प्रयोग करतात काय?’ हा पहिला प्रश्न असतो. मी या चाचण्यांच्या पूर्ण बाजूची आहे. पहिलटकरणींना कमी मात्रेतली ॲस्पिरिन दिली तर अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात का, हे बघणाऱ्या सहा देशांतल्या चाचणीत आपलं नागपूरही होतं. जवळपास १२ हजार बायका त्यात होत्या. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला. औषध नसलेल्या साध्या गोळीवाल्या गटात अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं १३.१ टक्के, ॲस्पिरिनच्या गटात ११.६. कोणाला कोणती गोळी द्यायची हे चिठ्ठीने ठरलं, म्हणूनच या आकड्यांवर विश्वास ठेवता येतो.

तिथे दोन्ही गोळ्या दिसायला सारख्याच होत्या, त्यामुळे आपल्याला काय मिळालं हे कोणालाच कळत नव्हतं. पण ऑपरेशन की व्यायाम, गोळी की फिजिओथेरपी, अशी तुलना असली की पेशंटला सगळं कळतं, आणि त्याच्या मनात आधीपासून काहीतरी ठरलेलं असतं. माझं म्हणणं तेवढ्यापुरतंच आहे: चिठ्ठी काढण्याआधी त्याला विचारा, आणि तो सांगेल ते लिहून ठेवा.

मी डॉक्टर नाही. गणित शिकवत होते. निवृत्तीनंतर एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे चाचणीत पेशंटचं हित जपलं जातं ना हे बघणाऱ्या समितीवर, सामान्य नागरिक म्हणून बसते. औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनुसार अशी एक व्यक्ती कमिटीत लागतेच. एकदा पाहणीसाठी ओपीडीत बसले होते. गुडघेदुखीची चाचणी होती. एका गटाला गोळ्या, दुसऱ्याला आठवड्यातून तीनदा रुग्णालयात येऊन फिजिओथेरपी. काटोलकडची एक बाई आली, संत्र्याच्या तोडीवर जाणारी. संमतीपत्र वाचून दाखवलं, शेजारी नवरा. ती म्हणाली, “तुमाले जे बरं वाटते ते करा.” अंगठा झाला. चिठ्ठीचं पाकीट फोडलं तर फिजिओथेरपी निघाली. तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली. “म्हणजे मले हप्त्यातून तीनदा यावं लागन? मजुरी बुडते ना बाई. गोळ्याच देऊन द्या.”

ती थोडे दिवस आली आणि मग थांबली. फाइलमध्ये नोंद झाली की फॉलो-अपला आली नाही. हिशोबात ती फिजिओथेरपीच्या गटातच धरली जाणार. तो नियम योग्यच आहे. ज्याला जो गट मिळाला त्यातच त्याला मोजायचं, नाहीतर चिठ्ठीला अर्थ उरत नाही. पण तिला गोळ्या हव्या होत्या आणि का हव्या होत्या, हे त्या फाइलमध्ये कुठेच नाही. अशा दहा बायका निघाल्या तर निष्कर्ष येईल की फिजिओथेरपीचा फारसा उपयोग नाही. खरं कारण एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी असेल.

‘तुम्ही म्हणाल तसं’ म्हणजे पेशंटला काहीच नको-हवं नाही, असं आपल्याकडे सहज धरलं जातं. डॉक्टरांसमोर विदर्भातला माणूस आणखी काय म्हणणार? त्याच्या मनातलं काढायला वेगळं बसावं लागतं.

हा प्रश्न जुनाच आहे. १९४८ च्या ब्रिटनमधल्या प्रसिद्ध स्ट्रेप्टोमायसिन चाचणीत ज्यांना फक्त बेडरेस्ट मिळाली, त्या टीबीच्या पेशंटना आपण चाचणीत आहोत हेसुद्धा सांगितलं नव्हतं. १९७९ मध्ये मार्विन झेलेन या संख्याशास्त्रज्ञाने सुचवलं की आधी चिठ्ठी काढा आणि नवा उपचार ज्यांच्या वाट्याला येईल त्यांनाच संमती विचारा. गणित म्हणून हुशारीचं आहे, पण मला ते अजिबात पटत नाही. उरलेल्या अर्ध्या लोकांना कोणी विचारायचं? पुढे १९८९ मध्ये ब्रुइन आणि ब्रॅडली यांनी वेगळी वाट दाखवली: ज्यांची पसंती ठाम आहे त्यांना ती द्या, बाकीच्यांची चिठ्ठी काढा. माणूस म्हणून हे बरं वाटतं. पण निवड करणारे लोक मुळातच वेगळे असतात. नागपुरात धंतोलीत राहणारा आणि काटोलहून येणारा सारखंच निवडणार नाही, मग दोन गटांची तुलना कशी करायची?

म्हणून मला डेव्हिड टॉर्गरसन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मांडलेली पद्धत सर्वांत पटते. प्रत्येकाला आधी विचारा, उत्तर नोंदवा, आणि जे तयार असतील त्या सगळ्यांची चिठ्ठी काढा. मग पसंतीचा उपचार मिळालेले आणि न मिळालेले यांच्यात फरक पडतो का, ते शेवटी बघता येतं. २००८ मध्ये सांधे-स्नायूंच्या दुखण्यांवरच्या अशा चाचण्यांचा एकत्र अभ्यास ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला. कोणताही उपचार चालेल म्हणणाऱ्यांपेक्षा मनासारखा उपचार मिळालेल्यांना थोडा जास्त फायदा दिसला. फरक मोठा नव्हता, पण तो होता, आणि विचारलं नसतं तर दिसलाच नसता.

आमच्या कमिटीत यावर नेहमीचा आक्षेप येतो: “विचारलं तर लोक निघून जातील, पेशंट मिळणार नाहीत.” ब्रिटनमधली प्रोस्टेट कॅन्सरची ‘प्रोटेक्ट’ चाचणी बघा. ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसतं लक्ष ठेवणं, इतके वेगळे तीन पर्याय. तिथे पेशंटशी त्याच्या पसंतीवर मोकळेपणाने बोलायला स्टाफला शिकवलं, आणि चिठ्ठीला तयार होणारे वाढले. २,६६४ पैकी १,६४३ पुरुष तयार झाले. ज्यांनी स्वतः उपचार निवडला, त्यांनाही वाऱ्यावर सोडलं नाही. त्यांचाही पाठपुरावा झाला.

पुढच्या बैठकीत मी एवढंच मागणार आहे की संमतीच्या अर्जासोबत एक पान जोडा. दोन्हीपैकी काय आवडेल? किती ठाम? का? ते पान उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी भरू नये, सोशल वर्करने भरावं, पेशंटच्या बोलीत आणि नवरा-मुलगा बाहेर थांबलेला असताना. कोणी म्हणालं, “मला एकच उपचार हवा, दुसरा नकोच,” तर त्याला चिठ्ठीत ओढू नका. तो उपचार नेहमीप्रमाणे मिळत असेल तर तो द्या आणि त्याचं नाव वहीत वेगळं ठेवा. तुमच्यापैकी कोणी मेडिकलमध्ये, मेयोत, एम्समध्ये किंवा खाजगीत अशा चाचणीत भाग घेतला असेल, तर आधी तुम्हाला काय हवं ते कोणी विचारलं होतं का, ते खाली लिहा. बैठकीत मला ते वाचून दाखवायचं आहे.