कूलरपुढची मिरची

मे महिन्यात आमच्या उमरेड-भिवापूर पट्ट्यात पारा ४५ अंशांवर जातो. अंगणात वाफा केला तर मिरचीचं बी उगवायच्या आधीच भाजून निघेल. म्हणून ९८ कप्प्यांचे ट्रे, त्यांत कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि मुक्काम मधल्या खोलीत खिडकीशी, कूलरच्या ओलसर हवेत. रोपं दोन पानांवर आली आणि घरात चिलटं झाली. चहात चिलटं, मोबाइलच्या उजेडावर चिलटं, जांभई दिली तर आत चिलटं.

ही चावत नाहीत. चावली असती तर निदान घरच्यांनी माझी तक्रार मनावर घेतली असती. खरा उपद्रव मातीत असतो. मादी ओल्या कोकोपीटवर शंभरेक अंडी घालते. काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या आधी बुरशी खातात, मग रोपांची कोवळी मुळं. त्यामुळे टाळ्या वाजवून चिलटं मारणं म्हणजे नुसत्या टाळ्या वाजवणं.

अळ्या आहेत का हे पाहायला आलूच्या चकत्या मातीवर ठेवायच्या, अळ्या चकत्यांखाली जमतात. आजीनं ते पाहिलं. "आलू असे पेरतेत का रे बाप्पा?"

कृषी केंद्रात पिवळे चिकट सापळे मागितले. कपाशीवरच्या पांढऱ्या माशीसाठी ते ठेवतातच. "किती एकर?" दुकानदारानं विचारलं. एक खिडकी, म्हटलं. मग बीटीआय, म्हणजे अळ्या मारणारं जीवाणूंचं औषध, मागितलं, तर त्यानं बीटी कपाशीची पाकिटं पुढे सरकवली. जीवाणूची जात एकच. पण कपाशीत त्याचं जनुक असतं ते बोंडअळीसाठी, मला हवा होता तो प्रकार डास-चिलटांच्या अळ्यांसाठी. हे मी काउंटरवर समजावत होतो आणि मागे रांग वाढत होती. सापळे तेवढे घेऊन आलो. चिलटं चिकटली, बाबांचा दुपट्टाही चिकटला.

खरा उपाय फुकट आहे: वरची माती सुकू द्यायची, पाणी खालून परातीतून द्यायचं. पण आमच्या घरी वाटसरूलाही पाण्याशिवाय जाऊ देत नाहीत, तिथे रोपांना कोण तहानलेलं ठेवणार? जो तो जाता-येता तांब्या रिकामा करायचा. मी पाटी लावली, 'पाणी घातलेलं नाही, घालू नये.' बाबांनी अर्धीच वाचली. "कोनीच घातलं नाही म्हन्ते," म्हणत ओतलं.

शेवटी डासांच्या अळ्यांसाठी कूलर तपासायला गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, आशाताई आल्या. टाकीत अळी नव्हती. ट्रे पाहून म्हणाल्या, "याचा रकाना नाही माझ्या रजिस्टरात." तरी मी गळ घातल्यावर कूलरची टाकी रिकामी करायच्या कोरड्या दिवसासोबत त्यांनी ट्रेचाही कोरडा दिवस जाहीर केला. मुलाचं न ऐकणारे बाबा रजिस्टरवाल्या बाईचं मात्र मुकाट ऐकतात.

आता ते तांब्या घेऊन येतात, कप्प्यात बोट घालून पाहतात, "वल्लं हाय" म्हणतात आणि ते पाणी तुळशीला घालून येतात. परवापासून तुळशीपाशी चिलटं दिसायला लागली आहेत. आजीला अजून सांगितलेलं नाही.